गरिबाची नोंद कोणी ठेवली?

प्रस्तावना

चार्ली चॅप्लिनच्या जन्माची सरकारी नोंद आजवर कोणाला सापडलेली नाही. 1952 साली अमेरिकेने त्याचा परतीचा परवाना रद्द केला. त्या सुमारास अमेरिकी यंत्रणांच्या विनंतीवरून ब्रिटनच्या एमआय-फाइव्ह या गुप्तचर खात्याने त्याच्या जन्माचा पुरावा शोधायला घेतला. त्याचे खरे नाव इस्रायल थॉर्नस्टाइन आहे अशी एक आवई होती, म्हणून त्या नावानेही दप्तर चाळून झाले. लंडनच्या सॉमरसेट हाऊसमधल्या जन्मनोंदींत ना चॅप्लिन निघाला, ना थॉर्नस्टाइन. ही फाइल 2012 मध्ये लोकांसाठी खुली झाली. 16 एप्रिल 1889 ही त्याची जन्मतारीख आपण मानतो, ती त्याच्या सांगण्यावरून.

जन्म कागदावर नाही, गरिबी मात्र आहे, आणि चांगली तपशीलवार आहे. 1891 च्या जनगणनेत दक्षिण लंडनच्या वॉल्वर्थ भागात हॅना चॅप्लिन आणि तिची दोन मुले, सिडनी आणि चार्ल्स, सापडतात. 1896 मध्ये तिघेही वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून घेऊन कामाला लावणाऱ्या आश्रयगृहात, दाखल झाल्याची नोंद आहे आणि पाठोपाठ दोन्ही मुलांची हॅनवेलच्या गरीब मुलांच्या शाळेत रवानगी झाल्याची. 1898 मध्ये पुन्हा वर्कहाऊस, या खेपेला लॅम्बेथचे, आणि मुलांसाठी नॉरवुडची शाळा. 1903 मध्ये हॅनाला वेड लागले आहे का याची तपासणी झाली. त्या तपासणीच्या वहीत जबानी देणाऱ्याचे नाव चार्ल्स चॅप्लिन असे आहे, नाते मुलगा. आई मेलेल्या माणसांची नावे घेते, ती माणसे तिला खिडकीतून बघताना दिसतात, असे त्याने सांगितले. तो तेव्हा 14 वर्षांचा होता.

यातली 1898 च्या ऑगस्टमधली एक नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. हॅनाने स्वतःला आणि मुलांना वर्कहाऊसमधून सोडवून घेतले, आणि त्याच दिवशी तिघेही परत दाखल झाले. कारकुनाच्या दृष्टीने हा निव्वळ खटाटोप होता: तिघांची नावे खर्ची टाका, तिघांची नावे पुन्हा जमा करा. वहीत एवढेच आहे. त्या दिवशी काय घडले हे चॅप्लिनने 1964 च्या आत्मचरित्रात सांगितले आहे. आईला मुले भेटत नव्हती, म्हणून तिने सुटकेचा अर्ज केला. तिघांनी केनिंग्टन पार्कात दिवस काढला, सिडनीजवळच्या थोड्या पेन्यांत काळ्या चेरी घेऊन खाल्ल्या, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून झेलाझेली केली, आणि संध्याकाळी ती वर्कहाऊसला परतली. वही नसती तर ही आठवण म्हणजे एका नटाने रंगवलेली गोष्ट असे कोणीही म्हटले असते. आठवण नसती तर वहीतल्या त्या दोन ओळींचा अर्थ कोणाला कळला नसता.

चॅप्लिन जगप्रसिद्ध झाला म्हणून चरित्रकारांनी त्याची दप्तरे उपसली. पण त्याच वह्यांत त्याच्या वरच्या आणि खालच्या ओळींवर आणखी हजारो नावे आहेत. पत्रे जपणारे, तैलचित्रे काढून घेणारे, मृत्युपत्रे करणारे ते लोक नव्हते. हे पुस्तक त्या इतर ओळींविषयी आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या कष्टकरी घराचा, शेतमजुराचा, विणकराचा, कोळसा खाणीतल्या माणसाचा, घरकाम करणाऱ्या बाईचा माग त्या देशाच्या जुन्या दप्तरांतून कसा काढता येतो, आणि तो काढताना कुठे फसायला होते, हे सांगण्याचा यात प्रयत्न आहे.

आपल्याकडे घराण्याचा इतिहास म्हटला की कुलवृत्तांत डोळ्यांपुढे येतो: मूळपुरुष, वतने, सनदा, शाखा आणि उपशाखा. इंग्लंडमध्येही सरदार-जमीनदारांची वंशावळ अशीच जमिनीच्या आधाराने उभी राहते. ज्याच्याकडे जमीन होती त्याला आपला बाप कोण हे सिद्ध करायला कागद लागत, म्हणून तो कागद जपत असे. मजुराला बापाकडून मिळण्यासारखे काही नव्हते. त्याचा कागद त्याने जपलेला नाही, दुसऱ्या कोणीतरी आपल्या कामासाठी लिहून ठेवला आहे. हे एकदा लक्षात घेतले की या दप्तरांचे निम्मे कोडे सुटते. म्हणून प्रत्येक नोंदीला पहिला प्रश्न विचारायचा तो असा: ही कोणी लिहिली, आणि त्याला तिची गरज का पडली?

सुरुवात चर्चपासून होते. 1538 मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूने आपल्याकडचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने वहीत लिहून ठेवावीत. पॅरिश म्हणजे एका चर्चचा परिसर, आणि कारभाराचे सर्वांत लहान एककही तेच. राजापासून भिकाऱ्यापर्यंत सर्वांची नावे एका वहीत यायची सोय या हुकुमाने झाली. मात्र जुन्या नोंदी फार त्रोटक आहेत. ‘जॉन, विल्यमचा मुलगा’ एवढ्यावर काम भागवलेले असते, आणि एकाच गावात त्या नावाचे तीन विल्यम निघतात. एक मूल गेले की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती, त्यामुळे बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणून आनंद करण्याआधी दफनाची वही पाहावी लागते. तारखांचाही घोळ आहे. 1751 पर्यंत इंग्लंडचे कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणजे त्या आधीचा जानेवारी आणि फेब्रुवारी मागच्या सालात मोजलेले असतात. लग्नाच्या आठ महिने आधी मूल झाल्याचे विचित्र हिशेब बहुधा इथून निघतात.

1754 पासून लग्नाच्या नोंदीवर वधूवरांच्या आणि साक्षीदारांच्या सह्या घेणे सक्तीचे झाले. त्या काळात निम्म्याहून जास्त नवऱ्या मुली सहीच्या जागी फुली मारत. वंशशोध करणाऱ्याला ही फुली मोलाची असते, कारण शेतमजुराच्या घरातल्या बाईच्या हातचे, कागदावर उरलेले, बहुतेक वेळा तेवढेच असते. साक्षीदारांच्या नावांकडेही दुर्लक्ष करू नये. बहीण, मेव्हणा, कामावरचा सोबती अशी नात्यागोत्याची माणसे तिथे भेटतात आणि तीन विल्यमांतला आपला विल्यम कोणता हे कित्येकदा त्यांच्यामुळे ठरते. 1813 पासून छापील तक्ते आले आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाच्या धंद्याचा रकाना आला. तोवर नुसते नाव असलेला माणूस आता मजूर, विणकर, खाणकामगार म्हणून ओळखू येऊ लागतो.

सरकारला पैसे हवे झाले की त्याचा शिक्का लगेच या वह्यांवर उमटतो. 1783 ते 1794 या काळात चर्चच्या प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, मात्र कंगालांना माफी होती. त्यामुळे त्या वर्षांत अनेक नावांपुढे ‘कंगाल’ असा शेरा किंवा त्याचे आद्याक्षर दिसते. ते घर खरोखर कंगाल होते की तीन पेन्स वाचवण्यापुरते, हे एकट्या शेऱ्यावरून ठरवू नये.

कष्टकरी माणसाची सर्वांत भरभरून माहिती मिळते ती गरिबांच्या कायद्याच्या कागदांत. 1601 च्या कायद्याने आपल्या हद्दीतल्या निराधारांना पोसण्याची जबाबदारी प्रत्येक पॅरिशवर टाकली, आणि तिचा खर्च गावातल्या घरेजमिनीवाल्यांकडून वसूल होऊ लागला. मग ओघानेच वाद सुरू झाला की हा भिकारी नेमका कोणत्या गावचा? 1662 च्या कायद्याने त्याची उत्तरे ठरवायला घेतली. पुढच्या कायद्यांनी त्यांत भर घातली. माणूस जिथे शिकाऊ म्हणून राहिला, जिथे अविवाहित असताना पुरे वर्षभर नोकरीला होता, जिथे वर्षाला दहा पौंड भाड्याचे घर घेतले, ते त्याचे गाव. यातले काहीच नसेल तर बापाचे गाव. बायकोला नवऱ्याचे गाव मिळे, त्यामुळे विधवा झालेल्या बाईला तिने कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या गावी मुलाबाळांसह पाठवून देत. अनौरस मूल जिथे जन्मले तिथले ठरे, म्हणून दिवस गेलेल्या कुमारिकेला बाळंतपणाआधी हद्दीबाहेर काढण्याची गावोगाव घाई असे. वर्ष भरले तर मजुराला हक्क मिळेल म्हणून एक्कावन्न आठवड्यांसाठीच गडी ठेवणारे मालकही होते.

या दुष्टपणाचा एक अनपेक्षित लाभ आज वंशशोधकाला होतो. मदत मागायला आलेल्या माणसाला न्यायाधीशांपुढे उभे करून त्याची जबानी घेत. जन्म कुठला, कोणाकडे कामाला होता, किती वर्षे, पगार किती, लग्न कुठे झाले, मुले किती. ज्याने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही त्याचे छोटेखानी आत्मचरित्र त्याच्या सांगण्यावरून कारकुनाने उतरवून ठेवलेले असते. अर्थात सांगणारा गरजू होता आणि ऐकणारा खर्च वाचवायला बसला होता, हे विसरून ती वाचू नये. ज्या मजुराने कधी कोणापुढे हात पसरला नाही, जो आपल्या गावात राबला आणि मेला, त्याच्या वाट्याला मात्र बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा तीन ओळी येतात. या दप्तरांत ज्याची परवड जास्त झाली त्याचे कागद जास्त.

1834 मध्ये कायदा बदलला. गावे एकत्र करून युनियन केल्या गेल्या आणि घरी बसून मदत देण्याऐवजी वर्कहाऊसमध्ये या, असे धोरण आले. आत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे, अंगावर तिथले कपडे आणि दिवसभर काम. बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षा आतले जिणे वाईट असावे, म्हणजे लोक येणार नाहीत, असा उघड हिशेब होता. चॅप्लिन कुटुंबाला ज्यांतून जावे लागले ती वर्कहाऊसे याच व्यवस्थेची. तिच्या दाखल-रवानगीच्या वह्या आज ठिकठिकाणच्या अभिलेखागारांत आहेत.

लागलीच 1 जुलै 1837 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. तिचे जिल्हे आखले ते गरिबांच्या कायद्याच्या युनियनवरूनच, कारण सबंध देशभर पसरलेली तीच एक तयार यंत्रणा होती. जन्माच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव असते, लग्नाच्या दाखल्यावर दोन्ही बापांची नावे आणि धंदे. या दोन कागदांची साखळी लावत एकेक पिढी मागे जाता येते. त्यात कच्चे दुवे आहेत. नोंदणी न केल्यास दंडाची खरी तरतूद 1875 पासून अमलात आली, त्याआधी कित्येक मुले नोंदीवाचून राहिली. बापाचा रकाना कोरा असला तर तिथून मागे जाणारी एक वाट बंद होते. आणि आया? लग्नाच्या दाखल्यावर आईचे नाव घालायला इंग्लंडने 2021 साल उजाडू दिले.

दुसरा मोठा आधार जनगणनेचा. ती 1801 पासून दर दहा वर्षांनी होत आली, पण घरोघरच्या माणसांची नावे देशभर लिहून ठेवली गेली ती 1841 पासून. त्या साली पंधरा वर्षांवरच्या माणसांची वये पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती, म्हणून तिथे तीस असलेला माणूस प्रत्यक्षात चौतीसचाही असेल. 1851 पासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्मगाव हे रकाने आले, आणि गाव कळले की चर्चची वही उघडता येते. मोजणी करणारा कानावर पडेल तसे आडनाव लिही. समोरच्याला वाचता येत नसेल तर चूक दाखवणार कोण? एकाच घराचे आडनाव तीन जनगणनांत तीन तऱ्हांनी लिहिलेले सापडणे ही रोजची गोष्ट आहे. बायकांच्या धंद्याचा रकाना तर फार फसवा. दिवसभर लोकांचे कपडे धुणाऱ्या किंवा घरी बसून शिवणकाम करणाऱ्या बाईपुढे तो पुष्कळदा कोराच दिसतो. ती काम करत नव्हती असा त्याचा अर्थ घेऊ नये.

1911 च्या जनगणनेशी मात्र प्रत्येक शोधक थबकतो. घरातल्या माणसाने स्वतः भरलेला मूळ तक्ता या साली पहिल्यांदा जपून ठेवला गेला. त्यात लग्न झालेल्या बाईविषयी विचारले होते: लग्नाला किती वर्षे झाली, मुले किती झाली, किती जिवंत आहेत, किती गेली. विधवांनी हे भरायचे नव्हते. पण अनेक विधवांच्या तक्त्यांवर ते भरलेले आहे, आणि कार्यालयातल्या कारकुनाने त्यावर काट मारली आहे. काट मारलेले आकडे आजही स्पष्ट वाचता येतात.

1921 ची जनगणना एप्रिलमध्ये व्हायची होती, ती कामगारांच्या संघर्षामुळे पुढे ढकलून 19 जूनला झाली. त्यात प्रत्येक नोकरदाराच्या मालकाचे नाव आणि कामाचे ठिकाणही विचारलेले आहे. जनगणनेचे कागद शंभर वर्षे बंद ठेवायचा तिथला नियम आहे, त्याप्रमाणे ती 2022 च्या जानेवारीत खुली झाली. पुढे मोठी पोकळी आहे. 1931 चे कागद 1942 च्या डिसेंबरमध्ये हेज इथल्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाले, आणि ती आग बॉम्बची नव्हती. 1941 ची जनगणना युद्धामुळे झालीच नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या साध्या शिपायांच्या सेवापुस्तकांपैकी बहुतेक 1940 च्या बॉम्बहल्ल्यात गेली. वाचलेल्या जळक्या कडांच्या कागदांची सूक्ष्मचित्रे लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात.

या शोधाच्या काही वाटा थेट आपल्या मुलखात येतात. कंपनीच्या आणि नंतर राणीच्या फौजेत भरती होऊन आलेली इंग्रज पोरे पुष्कळदा शेतमजुरांची आणि विणकरांची असत. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधले त्यांचे बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावच्या वहीतून अचानक नाहीसा झालेला एखादा तरुण पुण्याच्या किंवा मुंबईच्या दफनयादीत भेटू शकतो. दुसरा धागा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि लाखो कामगारांवर मदतीच्या रांगेत उभे राहायची पाळी आली. त्याच वर्षांत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत सट्ट्याला ऊत आला. इंग्लंडमधल्या गिरणी कामगाराचा माग काढणाऱ्याला त्या वर्षांतली उपासमार समजून घ्यायची असेल तर मुंबईचा बाजारही वाचावा लागतो.

असे शोध घेण्याचे काम आता हौशी लोकांपुरते राहिलेले नाही. केंब्रिजमध्ये 1964 साली पीटर लॅस्लेट आणि टोनी रिग्ली यांनी लोकसंख्येच्या इतिहासाचा अभ्यासगट उभा केला. त्यातून 404 पॅरिशच्या वह्यांच्या आधारे इंग्लंडच्या तीन शतकांच्या लोकसंख्येचा इतिहास 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी वह्यांतल्या नोंदी मोजून देण्याचे कष्ट गावोगावच्या स्वयंसेवकांनी केले होते. अ‍ॅलिसन लाइट या विदुषीने 2014 मध्ये आपल्याच कष्टकरी पूर्वजांचा इतिहास ‘कॉमन पीपल’ या पुस्तकात मांडला आणि घरगुती वंशशोधातून देशाचा इतिहास कसा वाचता येतो ते दाखवले. आज संगणकावर घरबसल्या लाखो नोंदी दिसतात. सोय मोठी, धोकाही तितकाच: कोणीतरी घाईने जोडलेली चुकीची वंशावळ शंभर जण उतरवून घेतात आणि शंभर ठिकाणी दिसते म्हणून ती खरी मानली जाते. नोंदीचे मूळ पान पाहिल्याशिवाय नाव जोडू नये, आणि दोन स्वतंत्र कागद एकच गोष्ट सांगत नाहीत तोवर पुढच्या पिढीकडे सरकू नये, हा नियम पुढच्या सगळ्या प्रकरणांत पाळला आहे. या शोधात कोणाला लॉर्डाचे रक्त सापडेल या आशेने पुस्तक उघडले असेल तर त्याची निराशा होईल.

प्रकरणांचा क्रम आजपासून मागे जाणारा आहे: आधी घरातली माणसे आणि त्यांच्या आठवणी, मग दाखले, मग जनगणना, मग वर्कहाऊस आणि गरिबांच्या कायद्याचे कागद, आणि शेवटी चर्चच्या वह्या. शोधही याच क्रमाने करावा. मूळपुरुष गाठून खाली उतरणाऱ्यांची फसगत ठरलेली असते.

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटायचे कारण नाही. जातपडताळणीसाठी आजोबांचा शाळेतला दाखला आणि गावच्या कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधत तहसील कचेरीत ज्याने खेटे घातले आहेत, त्याला सरकारी वहीतल्या एका ओळीची किंमत सांगावी लागत नाही. मात्र दाखला मिळाला की आपण ती वही मिटतो. शेजारच्या ओळी कोणाच्या, एखाद्या साली मृत्यूच्या नोंदी एवढ्या का वाढल्या, हे विचारत नाही. गावोगावची ही दप्तरे मोडीत आहेत, ठिसूळ झाली आहेत आणि त्यांतली पुष्कळशी कोणी मोजलेलीही नाहीत. हे पुस्तक वाचून एखाद्या वाचकाने आपल्या तालुक्याच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करून, परवानगी घेऊन अशा एका गावाच्या वहीची छायाचित्रे काढली आणि मोडी जाणणाऱ्याकडून ती लिप्यंतरित करून घेतली, तर पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.